विल्यम कॅरेचे जोडे

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या कांठीं, बराकपूर येथें गव्हर्नर-जनरलचें उद्यानगृह होतें. लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या कारकीर्दींत तेथें एकदां मोठें भोजन झालें. नदीच्या पैलतीरावर श्रीरामपूर, तेथून डॉ. विल्यम कॅरे पाहुणा म्हणून आला होता. पंक्तीस बसलेल्या एका लष्करी सेनापतीनें शेजारच्या अधिकाऱ्यास विचारलें कीं, हा कॅरे पूर्वीं जोडे करणारा होता म्हणतात, तें खरें काय? प्रश्न हलक्या आवाजांत विचारला होता, तरी तो कॅरेच्या कानीं गेला. पुढें होऊन त्यानें शांतपणें सांगितलें कीं, जोडे करणारा नव्हे साहेब, नुसता जोडे सांधणारा.

या उत्तराची खोंच कळण्यास इंग्रजी भाषेंतला एक भेद लक्षांत घ्यावा लागतो. आपल्याकडे नवा जोडा करणारा आणि जुना सांधणारा, या दोघांसहि बोलतांना बहुधा एकच नांव लावतात. इंग्लंडांत तसें नव्हतें. कोऱ्या चामड्याचा नवा जोडा करणारा तो ‘कॉर्डवेनर’. स्पेनमधील कॉर्डोव्हा शहराचें चामडें एके काळीं फार नांवाजलेलें होतें, त्यावरून हा शब्द आला. जुन्या जोड्याला ठिगळ लावणारा तो ‘कॉब्लर’. पहिल्याचा लंडनांत शेंकडों वर्षांचा मानाचा संघ होता. दुसऱ्याचें नांव चेष्टेंतच अधिक ऐकूं येई. सेनापतीनें जी पायरी हिणवण्यासाठीं दाखविली, तिच्याहि खालची पायरी कॅरेनें आपण होऊन पत्करली.

विनयाचा नमुना म्हणून हें उत्तर चरित्रग्रंथांतून फार गाजलें. पण इतिहास म्हणून पाहूं गेल्यास तें खरें नाहीं. वयाच्या चवदाव्या वर्षाच्या सुमारास कॅरेनें हातांत रांपी धरली, ती नवे जोडे शिकण्यासाठींच. आणि पंचविशी उलटून जाईपर्यंत त्याच जोड्यांवर त्याच्या घरची चूल पेटत होती. १८०५ सालीं श्रीरामपुरास मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मोडी टाइपांत मराठी कोश छापून काढणारा हा गृहस्थ मूळचा कारागीर होता. तो कारागीर कसा होता, त्याचा जोडा कोण विकत घेई, काय भावानें घेई, आणि त्यावर त्याचें पोट कां भरेना, हें पाहिलें म्हणजे त्या काळीं हातानें शिवलेला जोडा विकणें म्हणजे काय प्रकरण होतें, हेंहि कळून येतें.

कॅरेचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. बाप एडमंड हा मागावर लोंकरी कापड विणी, व पुढें गांवच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाच्या कातडीस असा विकार होता कीं, उन्हांत काम केलें म्हणजे तोंडावर व हातांवर भयंकर आग होई. शेतकाम त्याला जमण्यासारखें नव्हतें. बापाचा विणकराचा धंदाहि त्या भागांतून ओसरत चालला होता. लोंकरी कापडाची पेठ उत्तरेकडे यॉर्कशायरांत सरकत होती. सांवलींत बसून करण्याजोगा आणि त्या परगण्यांत हमखास चालणारा धंदा एकच राहिला, तो जोड्यांचा.

हा धंदा तेथें रुजण्यास कारणें होतीं. परगणा गुरांच्या कुरणांचा, म्हणून कातडीं मुबलक. चामडें कमावण्यास ओक झाडाची साल लागते, तींहि झाडें जवळच्या रानांत भरपूर. आणि नेन नदीचें पाणी गांवाला लागून. लंडनचा रस्ता सरळ. १६४२ सालीं नॉर्थॅम्प्टनच्या तेरा कारागिरांनीं, थॉमस पेंडल्टन यास पुढारी करून, आयर्लंडांत जाणाऱ्या फौजेसाठीं ४,००० जोड साधे जोडे व ६०० जोड बूट पुरविण्याचें काम घेतलें. बूट वेळेवर गेले. पैशांसाठीं मात्र त्या बिचाऱ्यांना पुढें अर्ज-विनंत्या करीत बसावें लागलें. सरकारी गिऱ्हाईक मोठें खरें, पण तें केव्हां पैसे देईल याचा भरंवसा नाहीं, हा अनुभव त्या गांवास तेव्हांपासूनचा.

पिडिंग्टन गांवीं क्लार्क निकल्स नांवाच्या कारागिराकडे कॅरेला उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. उमेदवारानें प्रथम काय शिकावें? तर दोरा वळणें. तागाचे चार-सहा पदर एकत्र वळून त्यांस राळ-मेण चोळावयाचें आणि टोंकाला सुईऐवजीं डुकराचा राठ केस गुंफावयाचा. सुई वाकड्या भोंकांतून जात नाहीं, केस मात्र वळणानें जातो. तळाचें जाड चामडें पाण्यांत भिजवून मांडीवरच्या गुळगुळीत दगडावर हातोडीनें ठोकावयाचें. जितकें ठोकावें तितकें तें घट्ट होतें. मग लांकडी कलबुतावर वरचें चामडें ताणून बसवावयाचें, आरीनें भोंक पाडावयाचें, आणि एकाच भोंकांतून दोन दोरे समोरासमोरून ओढून दोन्ही हात पसरून गांठ आवळावयाची. दिवसभर हीच हालचाल. जोडा पट्ट्यानें मांडीवर जखडलेला, मान खालीं, कोंपरें फांकलेलीं. जुन्या इंग्रजी चित्रांत मोची नेहमीं पोक काढलेला दिसतो, तो याचमुळें.

श्रोत्यांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. त्या काळचे बहुतेक जोडे उजवे-डावे असे निराळे नसत. दोन्ही एकाच सरळ घाटाचे. आज उजव्या पायांत घातलेला उद्यां डाव्या पायांत घालावा, म्हणजे झीज सारखी होते, अशी रीत होती. उजवा-डावा असा भेद सर्रास रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकांत. म्हणून नवा जोडा पायाला बसवून घेणें हें त्या वेळीं गिऱ्हाइकाचें काम असे, आणि तें कांहीं आठवडे चाले.

निकल्सच्या दुकानांत बायबलावरील एक टीकाग्रंथ होता. त्यांत मधून मधून ग्रीक अक्षरें छापलेलीं. अर्थ कळेना, म्हणून कॅरे तीं अक्षरें जशींच्या तशीं कागदावर उतरून घेई आणि घरीं गेला म्हणजे गांवांतल्या टॉम जोन्स नांवाच्या एका शिकलेल्या विणकराकडून वाचून घेई. पुढें ज्यानें इतक्या भाषांचीं व्याकरणें धुंडाळलीं, त्याचा हा श्रीगणेशा चामड्याच्या तुकड्यांत बसून झाला.

याच उमेदवारीच्या दिवसांतली एक गोष्ट कॅरेनें स्वतःच पुढें सांगितली. नाताळांत उमेदवारांनीं गिऱ्हाइकांकडे व व्यापाऱ्यांकडे जाऊन पोस्त मागण्याची चाल होती. एका लोखंडी सामानाच्या दुकानदारानें त्याला विचारलें, सहा पेन्स हवेत कीं शिलिंग? पोरानें अर्थातच शिलिंग घेतला. तो पितळेचा, खोटा निघाला. इतक्यांत मालकाचें सामान खरेदी करण्यास त्याला नॉर्थॅम्प्टनला पाठविलें होतें; तेथें त्यानें स्वतःसाठीं कांहीं किरकोळ जिनसा घेतल्या आणि खोटा शिलिंग मालकाच्या पैशांत दडपला. चौकशी झाली, सारें उघडकीस आलें, आणि त्या लाजेनें तो कितीएक दिवस गांवांत तोंड दाखवीना. आठवडाभर जोडे शिवावे तेव्हां दहा-एक शिलिंग दिसत, तेथें उमेदवाराला एका शिलिंगाचा मोह काय असेल हें सांगावयास नको.

१७७९ सालीं निकल्स वारला आणि कॅरे हॅकल्टन येथें थॉमस ओल्ड याच्याकडे काम करूं लागला. १७८१ सालीं ओल्डच्या बायकोची बहीण डॉरथी प्लॅकेट हिच्याशीं त्याचें लग्न झालें. नवरीला अक्षरओळख नव्हती. नोंदवहींत तिनें सहीच्या जागीं फुली केली. थोड्याच दिवसांत ओल्डहि वारला, तेव्हां दुकान, शिल्लक माल, येणें-देणें आणि ओल्डच्या विधवेचें कुटुंब, असा सर्व भार वीस-बावीस वर्षांच्या कॅरेवर पडला. त्याच सुमारास त्याची तान्ही मुलगी तापानें गेली, आणि त्याच तापांतून उठल्यावर त्याच्या डोक्यावरचे केस गेले ते पुन्हां आले नाहींत.

आतां हें दुकान चालवावयाचें म्हणजे जोडे विकावयाचे कोणाला? खेड्यांत गिऱ्हाईक दोन प्रकारचें. पहिलें घरगुती. माणूस दुकानांत येई, मोची कागदाची पट्टी त्याच्या पायाभोंवतीं गुंडाळून माप घेई आणि पट्टीस कात्रीनें खांचा पाडून ठेवी. आंकडा लिहिण्याची गरज नसे. त्या खांचा म्हणजेच त्या पायाची नोंद. मापाप्रमाणें कलबुतावर चामड्याच्या चकत्या ठोकून त्याला फुगीर करावयाचें, म्हणजे एकाच कलबुतावर निरनिराळ्या पायांचे जोडे निघत. असा जोडा मनापासून केला तर वर्षानुवर्षें टिके. पण येथेंच मोठी अडचण होती. रेव्हरंड डेव्हिड डेव्हीस यानें १७९५ सालीं शेतमजुरांच्या घरखर्चाचे जे तपशील छापले, त्यांवरून दिसतें कीं, मजबूत जोड्याला मजुराची जवळजवळ सबंध आठवड्याची कमाई खर्चीं पडे. ज्याच्या घरीं भाकरीलाच सारी कमाई पुरत नाहीं, तो नवा जोडा कितीदां घेणार? घेतला तरी उधारीवर, पैसे सुगीनंतर. मोच्याला मात्र चामड्याच्या व्यापाऱ्याचा तगादा सुगीपर्यंत थांबत नसे.

मजूर नवा जोडा घेत नसे, तो जुना घेई. कॅरेच्या दुकानाच्या फळीवर जुने जोडे विकत घेतल्याची व विकल्याची जाहिरात होती, असें त्याचे चरित्रकार सांगतात. जुन्या जोड्यांचा हा व्यापार त्या काळीं इंग्लंडांत मोठा होता. कोणा सधन माणसाचा टांच झिजलेला बूट घ्यावा, तो उसवावा, चांगलें चामडें वेगळें काढावें, त्याला नवा तळ लावावा आणि गरिबाला परवडेल अशा किंमतींत द्यावा. हें काम करणाऱ्याला लंडनच्या बाजारी भाषेंत ‘ट्रान्सलेटर’ म्हणत. शब्द तोच, भाषांतरकार. ज्याला पुढें बंगाली, संस्कृत, मराठी या भाषांमध्यें जन्मभर हेंच करावयाचें होतें, त्याच्या दुकानावर आधींच ती पाटी लागलेली होती असें म्हटलें तर तें केवळ शब्दाचें खेळणें नव्हे. एकाच्या मापाची वस्तु उसवून दुसऱ्याच्या पायाला बसती करणें, यांत दोन्हीं कामांचें कसब सारखेंच आहे.

दुसरें गिऱ्हाईक म्हणजे मक्तेदार. नॉर्थॅम्प्टन व केटरिंग येथील मोठे व्यापारी फौजेच्या व आरमाराच्या जोड्यांचे मक्ते घेत. केटरिंग हें पूर्वीं विणकरांचें गांव. तेथें जोड्यांचा धंदा सुरू केला तो थॉमस गॉच यानें, १७७८ च्या सुमारास. मक्तेदाराच्या गिऱ्हाइकाला नांव नाहीं, चेहरा नाहीं, कागदाची पट्टी नाहीं. ठरलेल्या मापांचे शेंकडों जोडे हवेत, एवढेंच. चामडें मक्तेदाराचें; खेड्यांतल्या मोच्यानें तें घरीं न्यावयाचें, जोडे शिवून आणून द्यावयाचे, मजुरी जोड्यामागें. उत्तम शिवला म्हणून चार पेन्स अधिक नाहींत. वाईट शिवला तर परत येई. घरगुती गिऱ्हाइकासाठीं कारागीर आपला जोडा विकी. मक्तेदाराला तो आपला हात विकी. त्यांतून १७८३ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें. लढाई सरली कीं फौज घटते आणि फौज घटली कीं बुटांची मागणी घटते, हें गणित खेड्यांतल्या मोच्याला कोणी समजावून सांगण्याची जरुरी नव्हती.

१७८५ सालीं कॅरे मोल्टन गांवीं गेला. तेथें शाळा काढून पोट भरावें असा त्याचा बेत होता. तो फसला. जुना मास्तर गांवांत परत आला, त्याच्याकडे मुलें गेलीं. आणि जीं राहिलीं त्यांना शिस्त लावणें कॅरेला साधेना. आपण शाळा चालवीत नव्हतों, मुलेंच आपल्याला चालवीत होतीं, अशी कबुली त्यानें पुढें दिली. ज्यानें कधीं वर्गापुढें उभें राहून पाहिलें आहे, तो या कबुलीला हंसणार नाहीं. तेथील प्रार्थनामंदिराचा उपदेशक म्हणून त्याला वर्षास पंधरा-सोळा पौंड मिळत. तेवढ्यांत बायकामुलांचें चालेना. म्हणून रांपी पुन्हां हातांत घ्यावी लागली.

मोल्टनच्या दिवसांतलें कॅरेचें एक चित्र त्याच्या ओळखीच्या लोकांनीं नोंदून ठेविलें आहे. पंधरा दिवसांनीं एकदां हा तरुण उपदेशक खांद्यावर जोड्यांनीं भरलेली पडशी टाकून मैलोगणती चालत व्यापाऱ्याकडे जाई, आणि परत येतांना त्याच पडशींत नवीन चामडें घालून आणी. जातांना जोडे, येतांना चामडें. वजन दोन्ही वेळां. त्या एका दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. घरीं कामाच्या जागेसमोर भिंतीवर त्यानें कागद जोडून जगाचा मोठा नकाशा लाविला होता, आणि प्रत्येक देशांत किती लोक राहतात वगैरे माहिती त्यावर लिहून ठेविली होती. शिवतांना डोळे वर गेले कीं तो नकाशा दिसे.

याच काळांत तो प्रसिद्ध व्यवहार घडला. कॅरे गॉचसाठीं काम करीत होता. गॉचनें एके दिवशीं त्याला विचारलें, जोडे शिवून आठवड्यास काय मिळतें? कॅरे म्हणाला, नऊ-दहा शिलिंग. तेव्हां गॉचनें हंसून सांगितलें कीं, यापुढें माझें चामडें बिघडवीत बसूं नकोस. लॅटिन, ग्रीक, हिब्रू जें काय शिकतोस तें शीक, आणि मी माझ्या पदरचे आठवड्याला दहा शिलिंग तुला देत जाईन. असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासांत क्वचितच आढळेल. घेणारानें माल न घेतां मालाची पूर्ण किंमत दिली, ती एवढ्याचसाठीं कीं, विकणारानें तो माल पुन्हां करूं नये.

हा गॉच कोणी भोळा दानशूर नव्हता. सरकारी मक्ते घेणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारी होता तो. पण शिवणारा माणूस हातांतल्या कामापेक्षां मोठा आहे, हें त्यानें ओळखलें. मात्र त्याच्या त्या एका थट्टेच्या वाक्यानें कॅरेच्या कारागिरीचें नांव कायमचें बुडालें. चामडें बिघडविणारा मोची, असा त्याचा लौकिक झाला. आणि लोकांनीं त्यांत भर घातली. एक जोडा आंखूड झाला, तो लांब करण्यासाठीं कॅरेनें म्हणे तो आणखी कापला, अशीहि एक कथा इंग्लंडांत पिकली.

पुढचा वृत्तांत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतां येईल. १७८९ सालीं कॅरे लेस्टरला गेला, १७९३ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरला, आणि १८०० सालीं श्रीरामपुरास येऊन राहिला. १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजांत तो दरमहा ५०० रुपयांवर बंगाली शिकवूं लागला. पुढें संस्कृत आणि मराठी हींहि त्याच्याकडे आलीं. पुण्यास दुसऱ्या बाजीरावाची गादी अजून होती, त्या काळांत कंपनीचे तरुण अधिकारी कलकत्त्यास बसून कॅरेच्या हाताखालीं मराठी विभक्ति घोकीत होते. या कामीं वैजनाथ पंडिताचें त्याला फार मोठें साहाय्य झालें, हें विसरतां कामा नये. मराठी कोशांतले शब्द हुगळीच्या कांठीं आपोआप उगवले नव्हते. याच पंडिताची सिंहासनबत्तीशी १८१४ सालीं श्रीरामपुरास छापली गेली.

इकडे हें चाललें असतां, विलायतेंत ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या मोठ्या त्रैमासिकांत सिडनी स्मिथ यानें १८०८-०९ च्या सुमारास श्रीरामपूरच्या मंडळींची त्यांच्या मोचीपणावरून कुचेष्टा केली. कवि रॉबर्ट सदी यानें दुसऱ्या त्रैमासिकांत त्यांची बाजू घेतली. ज्या देशांत शिवाशिवीचा विटाळ नव्हता, तेथेंहि जोडा घालणारे जोडा करणाऱ्याला हंसत होते. आपण त्यांना नांवें ठेवूं नयेत हें बरें. आपण तर त्याचा जोडा पायांत घातला आणि त्याला शतकानुशतकें वेशीबाहेर बसविलें.

गॉचसारख्या व्यापाऱ्यांच्या हातीं धंदा एकवटत गेला. १८५७ च्या पुढें नॉर्थॅम्प्टनांत वरचें चामडें शिवण्याचीं यंत्रें आलीं, तेव्हां कारागिरांनीं संप करून पाहिले, पण यंत्रें राहिलीं. पाठोपाठ तळ शिवणारीं यंत्रेंहि आलीं. मांडीवर दगड ठेवून चामडें ठोकणारा घरबसल्या मोची हळूहळू कारखान्याच्या रांगेंत जाऊन उभा राहिला.

त्या चामडें बिघडविण्याच्या कथा विलायतेहून फिरत फिरत श्रीरामपुरास पोंचल्या, तेव्हां कॅरे बराच वयस्क झाला होता. दरबारांत आपल्याला नुसता सांधणारा म्हणवून घेणाऱ्या या माणसानें त्यांना उत्तर मात्र लिहून ठेविलें. जोडा लांब करण्यासाठीं तो कापल्याची गोष्ट पोरकट आहे, तिच्यावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं, असें त्यानें लिहिलें. आपण चांगले कारागीर गणले जात होतों. इतके कीं, आपल्या हातचा एक जोडा थॉमस ओल्डनें उत्तम कामाचा नमुना म्हणून आपल्या दुकानांत ठेवून दिला होता, याची त्याला पक्की आठवण होती. हॅकल्टनच्या त्या दुकानाला तीसहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. सर्वांत चांगल्या कारागिराच्या हातूनहि कधीं कधीं कांहीं कारणानें वाईट काम बाहेर पडतें, आणि आपल्याहि हातून तें पडलें असेल यांत शंका नाहीं, अशी पुस्ती त्यानें त्याच उत्तरास जोडली आहे.